वाईट बातमी आधी तुमच्याकडे यावी: कामावर जाणतं होण्याची रीत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन बघा. काही बिघडलं की पोरं आधी एका ठरावीक माणसाकडं जातात. तो सुपरवायझरच असतो असं नाही. कधी जुना मोल्डर, कधी टूलरूममधला फिटर, कधी स्टोअरची अक्का. पगार फार नसतो, केबिन तर नसतेच. तरी जॉब (बनवायचा सुटा भाग) फुकट गेला, गेज पडलं, गिऱ्हाइकाचा फोन आला, तर ते आधी त्यांच्या कानावर जातं.

कामावरचं शहाणपण मोजायला एवढी एक फूटपट्टी पुरते: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचते? पाच मिनिटांत पोचत असेल तर चार जॉब बिघडतात, शिफ्ट संपल्यावर पोचत असेल तर चारशे. हुशार माणसाकडं लोक उत्तर मागायला जातात आणि चूक कबूल करायला दुसरीकडं जातात. हे दुसरं ठिकाण व्हायचं असेल तर काय करावं लागतं, ते इथं सांगितलं आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फौंड्री (लोखंड ओतायचे कारखाने) आणि मशिनशॉपमध्ये नुकतीच लाइन हातात आलेल्यांना ते जास्त उपयोगी पडेल. पतसंस्थेच्या काउंटरवर बसणाऱ्यांसाठीही थोडं आहे.

पहिली तीस सेकंद

पोरगा येऊन "जरा घोळ झालाय ओ" म्हणाला की तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं, त्यावर तो परत येणार की नाही हे ठरतं. "कुणी केलं?" असं निघालं तर तो दार बंद झालं असं समजा. पुढच्या वेळी खराब जॉब ढिगात खाली ढकलला जाईल आणि तुम्हाला तो गिऱ्हाइकाकडून परत आल्यावर दिसेल.

प्रश्नांचा क्रम पाठ करून ठेवा, कारण डोकं तापलं की सुचत नाही. पहिला: "कुणाला लागलं काय?" दुसरा: "अजून चालू आहे की थांबवलंय?" तिसरा: "किती झाले?" चौथा: "चांगले आणि खराब वेगळे ठेवलेत काय?" मग म्हणा, "बरं केलंस लगेच सांगितलंस," आणि त्याच्याबरोबर जागेवर चालत जा. टेबलावर बसून हुकूम सोडू नका. जागेवर गेल्यावर निम्मी गोष्ट न विचारता दिसते: ट्रॉलीवर दोन सारखे दिसणारे जॉब एकत्र पडलेत, ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनचं आहे, गो-नोगो गेज (माप बसतं की नाही ते तपासायचं साधन) कपाटात कुलुपात आहे.

"कुणी?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी. बऱ्याचदा तोवर त्याची गरजच संपलेली असते. खरोखर हलगर्जीपणा असेल तर त्याच दिवशी, जेवणानंतर, बाजूला घेऊन बोला. मशिनपुढं चार जणांत नको. तीच चूक त्याच माणसाकडून तिसऱ्यांदा झाली तर मात्र लेखी द्या. तिथं मऊ राहिलात तर नीट काम करणाऱ्यांना वाटतं, यांना काही फरकच पडत नाही.

अजून एक काम बहुतेक जण विसरतात. ज्यानं बातमी आणली त्याला त्याच शिफ्टमध्ये सांगा, तिचं पुढं काय झालं. "तू सांगितलास म्हणून टूल बदललं, पुढचे तीस वाचले." काहीच करता आलं नसेल तर तेही सांगा: "मालकांना बोललोय, इन्सर्ट सोमवारी येणार, तोवर दर दहाव्या जॉबला माप घे." सांगून काही होत नाही असं एकदा वाटलं की सांगणं बंद होतं.

"होतंय की" म्हणजे काय

आपल्याकडं एका शेडमध्ये चार भाषा चालतात. मालकाशी मराठी किंवा कन्नड, ड्रॉइंगवर इंग्रजी, सरकारी पत्र कन्नडमध्ये, भट्टीवर बिहार-ओडिशाकडच्या पोरांशी हिंदी. बोलायच्या प्रत्येक भाषेत होकाराचा एक गोड शब्द आहे: "होतंय की", "आगतैति री", "हो जाएगा साहब". तिन्हीचा अर्थ एवढाच, की तुमचं ऐकलं. समजलं, जमेल, वेळेत होईल, यातलं काहीही त्यात नसतं. त्या होकारावर गिऱ्हाइकाला तारीख देणारा माणूस शनिवारी रात्री शेडमध्येच झोपतो.

म्हणून "समजलं काय?" असं विचारूच नका, उत्तर नेहमी "हो"च येतं. "पहिला पीस किती वाजता दाखवशील?" विचारा. "कशावर अडेल?" विचारा. त्यावर तो एखादी अडचण सांगतो, तेव्हा त्याला काम समजलंय असं धरा. नवीन पोरगा असेल तर त्याच्याकडून काम परत वदवून घ्या, पण परीक्षा घेतल्यासारखं नको. "मी काय सांगायचं विसरलो काय बघू, एकदा तू सांग," असं म्हटलं की तो मोकळा होतो.

आकडे तोंडी देऊ नका. मराठी माणूस "पावणेदोन" म्हणतो तेव्हा तो दोनवरून मागं मोजतो. कन्नडमध्ये तेच "ओंदू मुक्कालु" होतं, म्हणजे एकवरून पुढं. दोन्ही १.७५ च, पण आवाजात, घाईत, एक जण "दोन" तेवढं ऐकतो आणि दुसरा "एक". फाउंड्रीत हा घोळ टक्क्यांत होतो, मशिनशॉपमध्ये मिलिमीटरमध्ये. खडूनं मशिनवर लिहा, पाटीवर लिहा, पण लिहा.

कन्नड मोडकीतोडकी चालेल, शेवटची "री" मात्र सोडू नका. "कूडरी" (बसा), "हेळ्री" (सांगा), "याक री?" (का हो?) एवढ्यानं वयानं मोठा माणूस बोलता होतो, "री" गाळलीत तर तुम्ही त्याला अरेतुरे करताय असंच त्याला वाटतं. अण्णा, अक्का, काका, मामा ही हाक दोन्हीकडं चालते, ही आपल्या भागाची सोयच म्हणायची.

आणि १ नोव्हेंबरच्या आठवड्यात जरा जपून: कुणाचा तो कर्नाटक राज्योत्सव, कुणाचा काळा दिवस. एकाच लॅडलला (वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याला) दोन बाजूंनी धरणाऱ्या दोघांचं त्या दिवसाबद्दलचं मत दोन टोकांचं असू शकतं. गेटच्या आत कुणाकडूनही त्याची बाजू वदवून घेऊ नका. कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काम सोडून कुठलाही फॉरवर्ड नको, तुमच्या बाजूचा असला तरी नको. हा नियम आधी स्वतःला लावला तरच टिकतो.

एक बिघाड जवळून: ब्लोहोल

शहाणपण म्हणजे काय हे बोलून कळत नाही, म्हणून एक प्रसंग पूर्ण उकलून बघू. सोमवारी सकाळी फेटलिंगवरून (कास्टिंग साफ करायच्या जागेवरून) निरोप येतो: रात्रपाळीच्या ग्रे आयर्न कास्टिंगमध्ये (बिडाच्या ओतीव भागांत) होल दिसायलेत. शेडमध्ये लगेच तीन मतं तयार होतात. मोल्डर (साचा ठासणारा) म्हणतो मेटल थंड होतं, भट्टीवाला म्हणतो सँड (साच्याची वाळू) ओली होती, कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) करणारा कोअरशॉपवाला म्हणतो आमचं काही नाही. नवखा सुपरवायझर यातलं सगळ्यात मोठ्या आवाजातलं मत उचलतो आणि सँड, टेंपरेचर, कोअर असं सगळं एकदम बदलून टाकतो. रिजेक्शन कमी झालंच तर कशामुळं ते कुणालाच कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी तेच होल परत येतात.

जाणता माणूस आधी होल बघतो. कास्टिंग कापून किंवा ग्राइंड करून भिंगातून बघा. होल गोल, आतून गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ते गॅसचं. आत खडबडीत, फांद्यांसारखं दिसत असेल तर ते श्रिंकेज, म्हणजे गार होताना मेटल आकसून पडलेली पोकळी. तिथं सँडला शिव्या घालून उपयोग नाही, फीडिंग आणि रायझर (आकसताना मेटल पुरवणारा साठा) बघावा लागतो. आत वाळूचे कण अडकलेत तर सँड इन्क्लुजन. ही पहिली पायरी सोडून लोक दोन-दोन दिवस चुकीच्या दिशेनं धावतात.

गॅसचं ठरलं की ते कुठं आहे ते बघा. कोअरला लागून असेल तर संशय कोअरवर: नीट भाजला नाही, व्हेंट (गॅस जायच्या वाटा) बुजलेत, किंवा रंग दिल्यावर वाळलाच नाही. वरच्या बाजूला असेल तर मोल्डचा गॅस किंवा थंड मेटल. सगळीकडं टाचणीच्या डोक्याएवढी बारीक भोकं असतील तर मेटल आणि चार्ज (भट्टीत टाकलेला माल) तपासा.

मग क्रम बघा, आणि हीच पायरी सगळ्यात जास्त बोलते. बॉक्सवर (ज्यात साचा ठासतात त्या चौकटीवर) ओतण्याच्या क्रमानं नंबर टाकायची सवय लाइनला असेल तर पाच मिनिटांत निकाल लागतो. प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या दोन-तीन बॉक्समध्येच होल आहेत? मग मेटल गार होत होतं. शिफ्टच्या पहिल्या तासातले बॉक्स खराब आणि पुढचे चांगले? मग मुलर (सँड कालवायचं यंत्र) सुरू करताना पाणी जास्त पडलं. पॅटर्नच्या (साच्याच्या नमुन्याच्या) एकाच बाजूला? मग व्हेंटिंग किंवा ठासणी. नंबर नसतील तर आजपासून सुरू करा. खडू आणि दोन सेकंद एवढाच खर्च आहे.

आता माप. ग्रीन सँडचा (माती-पाणी घालून कालवलेल्या साच्याच्या वाळूचा) ओलावा साधारण ३ ते ४ टक्क्यांत असावा. तुमच्या लाइनचा नेमका आकडा तुमच्या चांगल्या दिवसांच्या नोंदीतून काढा, शेजारच्या शेडचा उसना आणू नका. ग्रे आयर्न ओतताना कास्टिंगच्या जाडीप्रमाणं १३५० ते १४२० अंशांच्या आसपास चालतं; पातळ भिंतीला वरचा आकडा, जाडीला खालचा. हे भट्टीतलं नव्हे, बॉक्सपाशी लॅडलमधलं टेंपरेचर. भट्टीवरचा आकडा सांगून वाद जिंकणारे बरेच भेटतील.

पावसाळ्यात दोन गोष्टी हमखास होतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवेतच पाणी असतं, त्यामुळं रॅकवर पडलेले कोअर, त्यातही सीओटू कोअर (त्या वायूनं कडक केलेले), ओल धरतात. आठवड्याचा साठा करू नका. आज केलेला आज-उद्या वापरा आणि रॅकवर तारीख लावा. दुसरं म्हणजे नॉकआउटहून (साचा फोडून कास्टिंग काढतात तिथून) परत आलेली गरम सँड. ती ५० अंशांच्या वर असताना मुलरमध्ये गेली तर पाण्याची वाफ होते, तीच वाफ गार पॅटर्नवर आणि कोअरवर दव होऊन बसते. मुलरच्या तोंडाशी ओलावा बरोबर लागतो आणि बॉक्समध्ये मात्र चुकतो. मुलरवाला खोटं बोलत नसतो, त्याचं माप त्या जागी खरं असतं.

आणि विचारायचं कसं? असं:

"मामा, काल रात्री सँड हाताला कशी लागत होती?"

"जरा जडच होती. खरं मी म्हटलं, हुंदे, मुलरवाल्यानं बघितलं असेल."

"कधीपासून जड वाटायली?"

"जेवून आल्यावर."

यात चार शब्दांत अख्खा तपास आहे. जुन्या मोल्डरचा हात हे उपकरणच असतं: मूठ दाबून सँडचा गोळा करायचा, मधोमध मोडायचा, कड सरळ तुटली आणि तळव्याला फार चिकटली नाही तर ठीक. पण त्याला विचारायचं ते "सँड ओली होती ना?" असं नको. उत्तर तोंडात घालून विचारलं की तो तुमचंच उत्तर परत देतो. "कशी होती" आणि "कधीपासून" एवढंच विचारा.

शेवटी बदल. एका वेळी एकच. ओलावा कमी करायचा तर तेवढाच करा, टेंपरेचरला हात लावू नका. निदान १०-१२ बॉक्स ओता, वेगळे ठेवा, फोडून बघा, मग पुढचा निर्णय. मालक मागं उभे राहून "दोन्ही एकदमच करून टाक की रे" म्हणतील. त्यांना वेळ सांगा: "दुपारी दोनपर्यंत कळतंय साहेब." वेळ सांगितली की थांबायची तयारी असते, असा अनुभव येतो.

मत देण्याआधी माप, आणि मापाआधी गार जॉब

मशिनशॉपमधली बरीच भांडणं गरम जॉबची असतात. ऑपरेटरचं माप बरोबर येतं, क्वालिटीवाला तासाभरानं मोजतो तेव्हा साइज लहान लागते, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. हिशेब साधा आहे. पोलादाचा १०० मिमी व्यास २० अंशांनी गरम असेल तर तो सुमारे ०.०२३ मिमी मोठा असतो. टॉलरन्सच ०.०२ असेल तर दोघंही खरे आणि जॉब रिजेक्ट. मापाचं प्रमाण तापमान २० अंश धरतात. आपल्या शेडमध्ये ते जमत नाही, पण जॉब, मास्टर आणि गेज एकाच टेबलावर निदान अर्धा तास एकत्र ठेवता येतात. मोठ्या जॉबला जास्त वेळ द्या.

०.०२ लीस्ट काउंटचा व्हर्निअर घेऊन ०.०१ वर वाद घालणाऱ्याला काही सांगू नका. त्याच्या हातात मायक्रोमीटर द्या आणि तुम्ही दोन पावलं मागं व्हा. त्याचं त्याला समजलं तर तो ते दुसऱ्यालाही सांगेल. तुम्ही चार जणांत दाखवून दिलंत तर तो तुमच्या पुढच्या चुकीची वाट बघत राहील.

वही, आणि शिफ्टची पंधरा मिनिटं

"लक्षात आहे माझ्या" असं म्हणणाऱ्या माणसावर लाइन चालवू नका, तो माणूस तुम्ही स्वतः असलात तरी. शंभर पानी वही, खिशात बसेल अशी. रोज पाच-सहा ओळी पुरतात: काय बदललं, किती वाजता, कुणी सांगितलं, माप किती, काय अर्धं राहिलं. मतं लिहू नका. "रात्रपाळी निष्काळजी" हे मत आहे, "१२.४० ला मुलरमध्ये नवीन बेंटोनाइटचं पोतं फोडलं" ही नोंद आहे. सहा महिन्यांनी उपयोगी पडते ती दुसरी.

शिफ्ट बदलताना दोन्ही पाळ्यांचे लोक पंधरा मिनिटं एकत्र जागेवर हवेत. गेटपाशी "सगळं ओके" असं ओरडून दिलेला चार्ज हा चार्जच नव्हे. नोंद अशी असावी:

"लाइन २. पंप हाउसिंग. ६४ ओतले, ६० चांगले, ४ वेगळे ठेवलेत, लाल खडू. ओलावा ९ वाजता ३.४, ११ वाजता ३.९, पाणी कमी केलं, परत बघायचं. ३ नंबर बॉक्सची पिन ढिली, मेंटेनन्सला सांगितलंय, अजून आले नाहीत. क्रेनची चेन आवाज करतेय, दोनदा थांबवून बघितली."

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात मोलाची. काय झालं हे कुणीही लिहितं. काय अर्धं आहे आणि काय खटकतंय, हे लिहायला लागला की माणूस जाणता व्हायला लागला.

फोटो पाठवायचा तर बाजूला स्केल आणि हीट नंबरची (भट्टीच्या कुठल्या घाण्यातलं मेटल त्याची) चिठ्ठी ठेवून पाठवा. नुसत्या काळ्या भोकाचा फोटो रात्री साडेअकराला टाकून "हे बघा" लिहिणं म्हणजे स्वतःची झोपमोड मालकाच्या गळ्यात घालणं.

जिथं समजूत घालायची नसते

आतापर्यंत सगळं मऊ बोलण्याचं सांगितलं. काही ठिकाणी बोलायचंच नाही, हात वर करून थांबवायचं.

ओलं भंगार हे त्यातलं पहिलं. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी गेलं तर त्याची वाफ होते आणि ती पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते, तीही क्षणात. भट्टी उसळते, माणसं भाजतात. पावसात उघड्यावर पडलेलं भंगार, बंद तोंडाचे पाइप, जुने शॉक अॅब्सॉर्बर, झाकण न उघडलेले डबे हे भरलेल्या भट्टीत जाता कामा नये. भंगार शेडखाली घ्या, वाळू द्या, बंद पाइप कापून मगच टाका. ओलं लॅडलही तितकंच वाईट. नवीन लायनिंग पूर्ण तापवल्याशिवाय मेटल घेऊ नका. "गाडी उभी आहे, लवकर ओता" असं वरून आलं तरी इथं उत्तर एकच: "वाळल्याशिवाय होणार नाही साहेब." कारण एका वाक्यात सांगा आणि वाद वाढवू नका.

दुसरं, क्रेनची खराब चेन आणि हुक. तिसरं, चालू मशिनचं गार्ड काढून चिप साफ करणं. चौथं, न बघितलेल्या मालाच्या तपासणी रिपोर्टवर सही. ही सही लोक हसत-हसत मागतात, "फॉर्मॅलिटी आहे ओ" म्हणत. तुमच्या बातमीवर लोकांचा विश्वास किती आहे ते या सहीवर ठरतं. एकदा न बघता केलीत की तुमच्या खऱ्या सहीलाही किंमत राहत नाही.

थांबवलंत की दोन मिनिटांत वर कळवा. स्वतःच्या जबाबदारीवर थांबवून गप्प बसणं हाही एक घोळच.

वर कसं सांगायचं

मालकाला किंवा मॅनेजरला वाईट बातमी देताना लोक एक तर रडत जातात किंवा लपवत. चार वाक्यं तयार करून जा: काय झालं, किती झालं, काय केलंय, तुमच्याकडून काय हवंय. चौथं वाक्य नसेल तर ती तक्रार होते.

"किती" नेहमी रुपयांत किंवा युनिटांत न्या. समजा १२ किलोची ४० कास्टिंग गेली. लोखंड परत भट्टीत जातं म्हणून लोक म्हणतात फार नुकसान नाही. पण रनर-रायझर (मेटल वाहायच्या वाटा आणि साठे) धरून त्यासाठी ओतलेलं लोखंड ७०० किलोच्या घरात असतं, एक टन वितळवायला इंडक्शन भट्टीला साधारण ६०० युनिट लागतात, म्हणजे ४०० च्या वर युनिट नुसती उडाली. त्यावर मोल्डिंग, कोअर, फेटलिंगची मजुरी. हा कागद समोर ठेवला की ओलावा मोजायचं यंत्र मागायला वेगळं भाषण लागत नाही.

चांगली बातमी सांगताना नाव घ्या ("रात्रपाळीच्या मुलरवाल्यानं पकडलं"), वाईट सांगताना जागा घ्या ("मुलरवर पाणी जास्त पडलं"). हे पोचतं खालपर्यंत. केबिनमध्ये काय बोलणं झालं ते चहाच्या गाड्यावर अर्ध्या तासात येतंच.

काउंटरवरच्यांसाठी थोडं

पतसंस्थेत, सौहार्द सहकारीत, दुकानाच्या गल्ल्यावर वाईट बातमी म्हणजे संध्याकाळी न जुळलेली कॅश. पहिली चूक म्हणजे खिशातून भरून गप्प बसणं. शंभर-दोनशेनं विषय मिटतो असं वाटतं, पण चुकीचं व्हाउचर तसंच राहतं, आणि पुढच्या वेळी मोठा फरक आला की आधीचं भरणंही संशयास्पद दिसतं.

आधी फरकाला ९ नं भागून बघा. पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत: ५,४०० चे ४,५०० लिहिले तर फरक ९००. शून्य खाल्लं तरी तेच: ४,५०० चे ४५० झाले तर फरक ४,०५०, तोही ९ नं जातो. मग फरकाची निम्मी रक्कम शोधा. तेवढ्याच रकमेचं व्हाउचर सापडलं तर ते जमेऐवजी नावे पडलंय. फरक बरोबर एका नोटेचा, ५०० किंवा २०० चा, असेल तर बंडलं परत मोजा, आणि मोजणारा माणूस बदला. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही. यात वीस मिनिटं गेली आणि सापडलं नाही तर मॅनेजरला सांगून नोंद करा, मग घरी जा.

जामीनकीचं मात्र वेगळं. सोबत काम करणारा फॉर्म घेऊन येतो, "नुसती सही पाहिजे" म्हणतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. संस्था थेट तुमच्याकडून वसूल करू शकते. एकाला सही दिली आणि दुसऱ्याला नाही दिली की तुम्ही कुणाचेच राहत नाही. त्यामुळं एकदाच ठरवा आणि सगळ्यांना सारखंच सांगा: "आमच्या घरात जामीन राहायचं नाही असं ठरलंय बाबा." वाईट वाटेल, आठवड्यात विसरतील. अडीअडचणीला खिशातून दोन हजार उसने दिलेले परवडतात.

जत्रेचं कॅलेंडर

येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, पिरनवाडीकडून येणाऱ्या माणसाला शेत असतं, गावची जत्रा असते, आणि ती कारखान्याच्या सुट्टीच्या यादीत नसते. जून-जुलैत पेरणी आणि रोप लावण, आषाढात वडगावची मंगाई, मग गणपती, दसरा, नोव्हेंबरात भात कापणी, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमा, आणि ज्या वर्षी गावात महालक्ष्मीची जत्रा असेल त्या वर्षी तर सगळं गावच घरी. "न सांगता दांडी मारतात" ही तक्रार दरवर्षी त्याच आठवड्यात होते, म्हणजे ती अचानक नसते.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी भिंतीवर कागद लावा आणि ज्याला जी तारीख हवी ती त्यानं स्वतः लिहावी. "रजा घेणार काय?" असं विचारू नका, "कधी घेणार?" विचारा. अडणारी कामं तीन-चारच असतात: भट्टी, मुलर, क्रेन, शेवटची तपासणी. या प्रत्येकापुढं तीन नावं हवीत, आणि तिसरं नाव नसेल तर ते तयार करणं हेच त्या महिन्याचं काम. भट्टीवाला आणि मुलरवाला एकाच गावचे असतील तर जत्रेच्या आधी पंधरा दिवस त्यांना समोरासमोर बसवा. कोण आधी जाणार ते त्यांचं तेच ठरवतात.

तुमची स्वतःची रजाही त्याच कागदावर लिहा. जायच्या आधी दोन दिवस चार्ज द्या: वही त्याच्या हातात, कुलुपाची किल्ली त्याच्या हातात, आणि मालकासमोर एकदा सांगून टाका की या आठवड्यात निर्णय याचा. फोन चालू ठेवा पण आपणहून करू नका. परत आल्यावर शेडमध्ये शिरण्याआधी गेटवरच्या बाकावर बसून त्या आठवड्याची वही वाचा. त्यात एकही वाईट बातमी लिहिलेली नसेल, तर कुणीतरी ती खिशात ठेवलीय. आधी त्याच्याकडं चहा प्यायला जा.